अक्कांची चार वाजताची झोप

पहूर,
मंगळवार, ३० नोव्हेंबर २०२१

तीर्थस्वरूप ताईबाई अक्का यांच्या पायाशी,

धाकट्या जावेचा, म्हणजे नूतनचा, नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या अर्धाच वाकते. राहिलेला भेटीत करीन.) इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचे धाकटे दीर कपाशी वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून दिवसभर बोलत असतात आणि स्वतः एक बोंड वेचत नाहीत, म्हणजे त्यांचीही तब्येत उत्तम आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? ती डाव्या बाजूची दाढ काढली की अजून लवंग धरून बसता? रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची असते, आठवण आल्यावर नाही. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. दर गुरुवारी उघडून झाडते, पाणी शिंपडते. पाली तेवढ्या वाढल्या आहेत. त्यांना मी काही बोलत नाही, कारण वीस महिने घर त्यांनीच सांभाळलं आहे.

पाकिटावर तुमच्या नावाआधी गं. भा. लिहिलेलं नाही. मागे ग्रामपंचायतीच्या यादीत ती दोन अक्षरं बघून तुम्ही कारकुनाच्या हातातला पेन घेऊन ती खोडलीत आणि वर 'कर्णधार' असं लिहिलंत, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. म्हणून पाकिटावर कर्णधार असंच आहे. धुळ्याचा पोस्टमन हसला तर हसू द्या. खरं तर हे फोनवर सांगायला हवं होतं, पण तुमचा फोन नातवाच्या ऑनलाइन शाळेला गेला तो शाळा उघडली तरी परत आलेला नाही. ललितच्या फोनवर बोलायचं तर तो स्पीकर लावतो, तुम्ही लांबून कुठून तरी 'हं' म्हणता आणि तो म्हणतो, आईला बरं आहे काकू, ठेवू का. पोरगा गुणी आहे, मी काही म्हणत नाही. पण मला जे सांगायचं आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. एसटीचा संप चालू आहे, नाहीतर मी स्वतःच आले असते. म्हणून हे पत्र. जरा लांबेल. चष्मा लावून बसा.

तर अक्का, भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारी आपलं मंडळ पुन्हा खेळायला लागलं. दहाजणींतल्या आता आठ उरलो. एक लेकाकडे सुरतला गेली ती तिकडचीच झाली आणि दुसऱ्या तुम्ही. फलक नवा करून घेतला, आणि तिथूनच आमचं नशीब सुरू झालं. पेंटरला मी कागदावर स्वच्छ अक्षरात 'चपळा महिला खो-खो मंडळ' असं लिहून दिलं होतं. पण आपल्याकडे ळ म्हटला की कोणाच्या तोंडात य येतो, कोणाच्या ल, त्या माणसानं मनातल्या मनात काय वाचलं कोण जाणे, फलकावर आलं 'चपला महिला खो-खो मंडळ'. गावात दोन दिवस चर्चा झाली की बायकांनी पादत्राणांचं दुकान काढलं. एक आजोबा अंगठा तुटलेली वहाण घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले होते.

पहिल्या दिवशी आम्ही खेळायला नाही, गवत काढायला गेलो. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागचं आपलं मैदान, वीस महिने तिकडं कोणी फिरकलेलं नाही, म्हणून विळे, टोपल्या आणि लताबाईच्या घरचा औषध मारायचा पंपसुद्धा नेला. गाजरगवत कमरेएवढं होतं. पण फक्त कडेला. मधली पाटी, या खांबापासून त्या खांबापर्यंत, मोकळी होती. नुसती मोकळी नाही, दाबून सारवल्यासारखी घट्ट. आणि दोन्ही खांबांभोवती, वळताना जिथं पाय टेकतो बरोबर तिथं, माती झिजून अर्धगोल खळगा झालेला. लताबाई म्हणाली गुरं चरली असतील. मी म्हटलं, गुरं रेघ धरून चरत नाहीत. जिनिंगच्या वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला की माणूस म्हणाल तर कोणीच नाही, फक्त कुत्री. कुत्री काय करतात, असं विचारल्यावर त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. म्हणाला, चार वाजले की भिंतीला लागून ओळीनं बसतात आणि मैदानाकडे बघतात. सगळ्यांच्या माना एकदम उजवीकडे जातात, मग एकदम डावीकडे. (मी त्याला म्हटलं, उन्हात टोपी घालत जा. पण घरी येईपर्यंत मला स्वतःलाच थंडी वाजत होती.)

खेळ सुरू झाला तो हसण्यासारखाच होता. आरोग्य केंद्राची आशाताई बजावून गेली होती, खेळा पण अंतर ठेवा. आता खो-खो अंतर ठेवून कसा खेळायचा हे तिलाही सांगता येईना. शेवटी मीच तोड काढली, की खो हातानं द्यायचा नाही, कपाशीच्या वाळक्या काडीनं द्यायचा. तोंडाला मास्क. मास्कमधून 'खो' म्हटलं की 'हो' ऐकू येतं, त्यामुळे मैदानावर सगळ्या एकमेकींना काडीनं टोचतायत आणि हो हो म्हणतायत असं दृश्य होतं. पळायला आमच्याच तीन सुना घेतल्या. सासवांनी सुनांच्या मागं धावायचं, त्यामुळे सराव आधीपासूनच होता. पाठलागाला आपल्यात नऊजणी लागतात, आठ चौकोनांत बसायला आणि एक धावायला. आम्ही आठच. एक चौकोन रिकामा ठेवावा लागला. कोणता, हे कोणी ठरवलं नाही. पण जिनिंगकडून दुसरा चौकोन रोज आपोआप मोकळा राहायचा. तुमचा.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, लताबाई पाठलागावर होती. सून खांबाला वळून पाटी ओलांडून गेली तशी लताबाईनं वीस वर्षांच्या सवयीनं जिनिंगकडच्या दुसऱ्या चौकोनाजवळ जाऊन काडी पुढं केली, 'खो' म्हणाली आणि तिथं बसली. समोर कोणी नव्हतंच. आम्ही हसायला लागलो. कारण आता आठही जणी खाली बसलेल्या आणि पाठलागाला कोणीच उभं नाही. गिरधर नानांनी शिट्टी तोंडाला लावली. (लताबाईचे मालक. निवृत्त झाल्यापासून पंचगिरी तेच करतात.) पण वाजवली नाही. कारण माझी सून एकदम पळायला लागली होती. मी तिला म्हटलं, अगं थांब, कोणी नाहीये. तिनं मागं वळून पाहिलं, पण थांबली नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून माझं हसू थांबलं. आणि तेवढ्यात तिसऱ्या चौकोनातल्या भिकुबाई उठल्या. पासष्ट वर्षांच्या बाई, गुडघ्यावर हात न टेकता उठल्या आणि सुनेच्या मागं धावल्या.

खेळ थांबवून सगळ्या त्यांच्याभोवती जमलो. भिकुबाईंचं माहेर शिरपूरकडचं, त्यांची बोली अजून तीच. त्या म्हणाल्या, "मले खो भेटना." मी विचारलं, मिळाला म्हणता तो कोणी दिला, सगळ्या तर बसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काडी नव्हती वं. हात व्हता." त्यांनी पाठ वळवून दाखवलं. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, दोन बोटं. तव्यावरची भाकरी फुगली का हे बघायला आपण हळूच दाबतो ना, तसं. अक्का, आम्ही आठहीजणींनी तुमच्या चौकोनाकडे पाहिलं. दोन बोटांनी खो देणारी बाई आख्ख्या जामनेर तालुक्यात एकच होती. आणखी एक सांगायचं म्हणजे, भिकुबाईंना दहा वर्षं झाली नीट ऐकू येत नाही. पण तो 'खो' त्यांना ऐकू आला म्हणाल्या, स्वच्छ, मास्क नसल्यासारखा.

घाबरून मंडळ बंद पडलं असतं तर बरं, असं त्या दिवशी वाटलं. पण बायकांचं उलटंच झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या अर्धा तास आधी हजर. काड्या कोणी आणल्याच नाहीत. लताबाईनं पुन्हा रिकाम्या चौकोनाला खो दिला, या वेळी मुद्दाम, आणि थोड्या वेळानं पाचव्या चौकोनातली बाई पाठीला हात लागल्यासारखी ताठ झाली आणि उठली. आठ दिवसांत एकेकीला मिळाला. खेळ सुटल्यावर घरी जाताना बोलणं तेच. मला आज दोनदा मिळाला. मला खांबाजवळ मिळाला. एकीला रडू आलं. ती म्हणाली, दीड वर्षात मला कोणी हात लावला नव्हता गं, घरात सगळे लांबूनच ताट सरकवत होते. भीती वाटते का विचारलं तर म्हणायच्या, वाटते की. पण येणं कोणी चुकवेना. ऊन उतरायला लागलं की जिनिंगमधून कापसाचा भुरभुरीत पिंजर उडत येतो आणि मैदानावर तरंगत राहतो. तो पिंजर पाटीवरून कोणीतरी वेगानं गेल्यासारखा मध्येच फाकतो, दोन बाजूंना होतो आणि पुन्हा मिळतो. ते मी स्वतः पाहिलं आहे.

गिरधर नानांचं तर फार अवघड झालं. चौतीस वर्षं एसटीत वाहक होते, माणसं मोजण्यात त्यांची चूक होत नाही. (संप सुरू झाल्यापासून ते स्टॅंडवर जाऊन उभ्या बसगाड्या मोजून येतात.) खेळ सुरू व्हायच्या आधी ते सवयीनं मोजतात आणि दर वेळी नऊ येतात. बोट दाखवून मोजलं की आठ. नुसत्या नजरेनं मोजलं की नऊ. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "नूतनवहिनी, मी कधी विनातिकीट कोणाला बसू दिलं नाही. पण या बाईला उतर कसं म्हणू?"

आता माझं सांगते. मला तो खो मिळाला नाही. सगळ्यांना मिळाला, त्या फौजदाराच्या सासूलासुद्धा, जिला अजून पाटी कुठली आणि चौकोन कुठला ते समजत नाही. मी पाचव्यात बसले, सहाव्यात बसले, तुमच्या शेजारच्यात बसले. पाठ ताठ करून, डोळे मिटून, श्वास धरून बसले. पिंजर माझ्या कानाजवळून जायचा आणि पलीकडची उठायची. भिकुबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बठ्ठास्ले भेटना, तुलेच काब्र नही वं?" मलाच का मिळत नाही, असं विचारतात! मी म्हटलं, मी चिटणीस आहे, मला कामं असतात.

त्याच आठवड्यात रूपाचा फोन आला. तुमची सून मला आपणहून फोन करत नाही, म्हणून मी आधी दाराशी जाऊन उभी राहिले. ती गच्चीवर जाऊन बोलत होती, वारा लागत होता. म्हणाली, "काकू, एक विचारू? पहूरला आईंचं काही राहिलंय का?" मी म्हटलं, काही म्हणजे? मग तिनं सांगितलं. तुम्ही रोज चारला झोपता. आधी झोपत नव्हता. गेल्या वर्षीच्या जूनपासून, म्हणजे सगळं बंद होतं तेव्हापासून. झोपेत पाय हलतात. भिंतीकडे तोंड करून हात पुढं करता, दोन बोटं, आणि भिंतीच्या रंगावर त्या जागी आता डाग पडला आहे. उठलात की तांब्याभर पाणी एका दमात पिता. मी म्हटलं, म्हातारपणी होतं असं. ती म्हणाली, "काकू, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. फरशी मी दोनदा पुसते. पण आईंच्या चादरीवर पायाशी काळी माती असते. रोज. हे घरी यायच्या आत मी चादर धुऊन टाकते."

अक्का, मी ओट्यावर बसले. कुत्र्यांच्या माना डोळ्यांसमोर आल्या. म्हणजे तुम्ही जवळजवळ दीड वर्ष एकट्याच पळत होतात. समोर कोणी नाही, मागं कोणी नाही, नुसत्या दोन खांबांमध्ये.

रूपा पुढं म्हणाली ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दिवाळीपासून तुमची झोप वाढत चालली आहे. आधी तासभर होती, आता दिवेलागण होते. त्या दिवशी तर हाका मारून उठेनात, तोंडावर पाणी मारावं लागलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात इतक्या वाळलात. डॉक्टर म्हणतात काही नाही. तिनं विचारलं, काकू, चार वाजता तिकडं काय असतं? मी तिला खरं सांगितलं. तिनं मला वेडी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग थांबवता येईल का?"

आम्ही थांबवलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस कोणी मैदानाकडे गेलं नाही. लताबाईला ते पटलं नव्हतं, भिकुबाई रडल्या, पण मी चिटणीस म्हणून दंडक घातला. वाटलं, तुम्ही शांत झोपाल, अंग धराल. शनिवारी संध्याकाळी पुन्हा रूपा. म्हणाली, काकू, तीन दिवस आई झोपल्या नाहीत आणि जेवल्याही नाहीत. चार वाजले की बाल्कनीत जाऊन उभ्या राहतात. आज मला विचारलं, "त्या काब्र नही आल्या?" त्या का आल्या नाहीत, हे रूपानं मलाच विचारलं. रविवारी आम्ही पुन्हा गेलो. खेळलो तर तुम्ही झिजता आणि न खेळलो तर उपाशी राहता, असं झालं आहे. याच्यावर आठजणींची सभा घेतली, दोन तास चालली, भरीत-भाकरी संपली आणि काही ठरलं नाही.

गेल्या रविवारी पाचोऱ्याच्या बायकांचा संघ आपल्याकडे आला होता. लॉकडाऊननंतरचा पहिला सामना, अर्धं गाव बघायला. त्यांनी आमची यादी पाहिली, आठच नावं, म्हणून त्यांना दया आली. त्या नऊ असूनही आठजणींनी खेळतो म्हणाल्या. गिरधर नाना म्हणाले, नको, तुम्ही नऊच या. शेवटच्या डावात दोन्ही संघांनी बाद केलेले गडी सारखे, शेवटचं मिनिट. त्यांची सगळ्यात चपळ पोरगी पळत होती, लताबाई दमलेली. लताबाईनं रिकाम्या चौकोनाला खो दिला आणि बसली. लोक हसले. ती पोरगीही हसली, पाटीवर उभी राहून, कंबरेवर हात ठेवून. मग तिचं हसू थांबलं. ती वळली, खांबाकडे धावली, खांबाला वळसा घातला आणि पलीकडे गुडघ्यावर बसली. तिनं स्वतःच हात वर केला. म्हणाली, "मी बाद." तिच्याजवळ आमची एकही बाई दोन हातांच्या आत नव्हती. तिच्या कर्णधारानं आरडाओरडा केला, पण पोरगी पाठीला हात लावून म्हणत राहिली की मला शिवलं आहे, मी खोटं का बोलू. नानांना पंच म्हणून निकाल द्यायचा होता. त्यांनी शिट्टी खिशात ठेवली. मग म्हणाले, "उतरलेला प्रवासी मी परत चढवत नाही." एका गड्यानं आम्ही जिंकलो. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत. लोक उठून गेले, जरा लवकरच गेले. भिंतीजवळची कुत्री तेवढी बसून होती.

आणि काल सोमवार. काल पाठलागावर मी होते. आजवर मी रिकाम्या चौकोनाला खो दिला नव्हता. धाडस होत नव्हतं, वळून दुसरीला द्यायची. काल ठरवून गेले. तुमच्या चौकोनामागं उभी राहिले, वाकले, हात पुढं केला आणि म्हटलं, खो. हाताला थंड लागलं, पाण्याच्या माठाला लागतं तसं. मी तिथं बसले. आणि मग काहीच झालं नाही. कोणी उठलं नाही. सुना जागच्या जागी उभ्या. पिंजर जिथल्या तिथं. कुत्र्यांच्या माना सरळ, माझ्याकडे. आठ बायका मातीत बसलेल्या, आणि नुसतं जिनिंगचं यंत्र ऐकू येतंय. किती वेळ ते नाना सांगू शकतील. अंधारायला लागल्यावर लताबाईनं मला हाताला धरून उठवलं. घरी आल्यावर मीच रूपाला फोन केला. ती म्हणाली, आई आज पावणेपाचलाच उठून बसल्या. पाणी मागितलं नाही. म्हणाल्या, "नूतन आली होती." आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या त्या बसल्या.

आता जे मी वीस महिने लिहिलं नाही ते लिहिते. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत पाचोऱ्याला सामन्यासाठी जाताना तुम्ही पिकअपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होतात. मागं आम्ही नऊजणी. तुम्हाला आता खांबाला वळता येत नाही, तुम्हाला राखीव बसवावं, हे मी म्हटलं. हात वर करा, हेही मीच म्हटलं. आणि कर्णधार मी, हेसुद्धा. सगळ्यांनी हात वर केले, पण पहिला माझा होता. तुम्हाला मैदानावर नानांनी नावं वाचली तेव्हा कळलं. खेळताना काचेच्या बांगड्या काढाव्या लागतात म्हणून सगळ्यांच्या बांगड्या पदरात घेऊन बाकावर बसून राहिलात. आम्ही हरलोच. तुम्ही एकेकीला तिच्या बांगड्या मोजून परत दिल्यात, मला शेवटी. तेव्हा तुमच्या बोटांचा मला स्पर्श झाला नाही, इतक्या जपून दिल्यात. अठरा दिवसांनी ललित आठ दिवसांसाठी म्हणून न्यायला आला. मी दारात आले नाही. भाकरी थापत होते असं सांगितलं, पण परातीत पीठ नव्हतं.

तुम्हाला खांबाला वळता येतं, अक्का. तो खळगा मी पायानं मोजून पाहिला. माझ्यापेक्षा जवळून वळता.

लहानांना आशीर्वाद, रूपाला दोन जास्त. ललितला सांगा, घराच्या कौलांची काळजी करू नको.

तुमची धाकटी जाऊ,
नूतन

ता. क. (हे लताबाई शेजारी बसून सांगते आहे, मी फक्त लिहिते.) पाचोऱ्याच्या बायकांनी परतीचा सामना मागितला आहे. रविवार, १२ डिसेंबर, दुपारी चार, त्यांच्याच मैदानावर. तुमची झोप आजवर पहूरलाच येते, पाचोऱ्याला येईल का हा सगळ्यांचा प्रश्न आहे. तरी कृपा करून त्या दिवशी जेवण हलकं घ्यावं आणि साडेतीनलाच आडवं व्हावं. खांब स्टेशनच्या बाजूला एक आणि चिंचेच्या बाजूला एक. तुमचा चौकोन चिंचेकडून दुसरा ठेवला आहे. लताबाईचा उजवा गुडघा दुखतो, तिला लांबचा खो देऊ नये.

ता. क. २. पडदे ओढून नातवाला क्लासला पाठवायचं काम रूपाकडे दिलं आहे. भिकुबाई म्हणतात, पांघरूण जाड घ्या, पाचोऱ्याला वारा असतो.

ता. क. ३. वरचं सगळं लताबाईनं वाचून दाखवायला लावलं. ती आता गेली. अक्का, त्या दिवशी झोपू नका. कोणी काही म्हणो, रविवारी झोपू नका. रूपानं लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या आवारात गाडी शिकली आहे. तिला अजून उजवीकडे वळायची भीती वाटते, म्हणून धुळ्याहून पाचोऱ्याला कमीत कमी उजवी वळणं घेऊन कसं यायचं याचा कागद नानांनी करून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. तिला मी सगळं सांगितलं आहे, ती तयार आहे. ललितला संध्याकाळी फोन करू. तुम्ही जाग्या या, पायात कॅनव्हासचे बूट घालून, चालत मैदानात या. यादीत पहिलं नाव तुमचं लिहून दिलं आहे, कर्णधार म्हणून. जागेपणी कदाचित खांबाला वळता येणार नाही, आपण हरू, लताबाई मला वर्षभर बोलेल, ते मी ऐकून घेईन. मी पाचव्या चौकोनात बसेन. मला खो नाही दिलात तरी चालेल. पण या.